टोमण्याला उशीर

तो काय काम करतो हे लोकांना सांगायची जबाबदारी लग्नापासून बायकोकडे होती. त्याला ते कधी जमलंच नाही. तो 'कंपायलर' म्हणायचा आणि समोरच्याचा चेहरा कोरा व्हायचा. मग बायको मध्ये पडायची.

"अहो, लोक प्रोग्रॅम लिहितात ना, तो यंत्राला तसाच्या तसा कळत नाही. यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुसरा एक प्रोग्रॅम असतो, तो कंपायलर. आमचे हे त्या कंपायलरचे कान पिळतात. उतरवताना त्यानं फुकटची कामं गाळावीत, लांबचे रस्ते जवळ करावेत, म्हणजे तेच काम लवकर होतं. स्वतः काही लिहीत नाहीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्यातलं फुकटचं काढतात." एवढं सांगून ती जरा थांबायची. "घरी असलं काही करू देत नाही मी. नाहीतर पहिले हेच निघाले असते."

हे सगळं ती केस कापता कापता सांगायची. घराच्या खालीच तिचं दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं. हातात कात्री असायची, पण गिऱ्हाइकं जपून असायची ती तिच्या जिभेला. तरी यायची तिथंच. कुणाला काय बोललेलं चालतं, किती चालतं आणि नेमकं कधी बोलायचं, हे तिला बरोबर कळायचं. विशेषतः कधी. टोमणा मारायच्या आधी ती कात्री हवेतच धरायची, गिऱ्हाईक आरशात वर बघायचं, आणि मग ती बोलायची. ऑफिस नसेल त्या दिवशी तो वरच्या खोलीत काम करत असायचा. खालून हसण्याचा आवाज आला की समजायचा, झाली कुणाची तरी हजामत.

तो स्वतः बोलण्यात मागेच. ती दिवसभराचं काही सांगत असली की हा "हं" म्हणायचा. ती म्हणायची, "तुझ्या 'हं'मध्ये पण काही फुकटचं नाही बघ."

मग तिला तो आजार झाला. नसांचा. आधी जीभ जड झाली, शब्द एकमेकांत अडकायला लागले. "सकाळी सकाळी पिऊन येते की काय बाई, असं वाटतंय ना?" हे तिनंच गिऱ्हाइकांना विचारून टाकलं, म्हणजे मागे कुजबुजायला कुणाला काही उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे तोवर साठवून ठेवा. मागच्या खोलीत खिडकीला रजई बांधून, दार लावून ती कितीतरी दुपारी छापील वाक्यं वाचत बसली. आवाज टिपून घेणाऱ्या माणसानं बजावलं होतं, मध्येच हसू नका, हसण्याचा यंत्राला काही उपयोग नाही. ती हसायचीच.

त्या आवाजातून बोलणारी एक पेटी घरी आली. तळहाताएवढा पडदा, त्याखाली अक्षरं, बाजूला एक हिरवं बटण. लिहायचं, बटण दाबायचं, की पेटी तिच्या आवाजात बोलायची. तोवर तिचा खरा आवाज गेला होता. पेटी पहिल्यांदा बोलली तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाठीमागून तिचाच आवाज आला, "सवत आणलीस ना घरात?"

पण पेटी लगेच बोलत नसे. बटण दाबलं की विचारात पडल्यासारखी गप्प राहायची. चहाचा एक घोट निवांत घेऊन कप खाली ठेवता येईल इतका वेळ. मग बोलायची. दोघं दोघंच असताना त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला कुठं घाई होती.

अडचण झाली ती रविवारी. तिचा धाकटा भाऊ दर रविवारी दुपारी जेवायला यायचा. तो फ्रिज दुरुस्त करायचा. अंगानं चांगला भरलेला, म्हणून ती त्याला लहानपणापासून ढब्बू म्हणायची. बहिणीचे दोन-चार टोमणे खाल्ल्याशिवाय त्याचं जेवण व्हायचं नाही.

"काल वरच्या मजल्यावर फ्रिज चढवला," त्यानं ताट पुढं ओढत सांगितलं. "एकट्यानं. लिफ्ट बंद होती."

तिचे डोळे चमकले. तिनं भराभर लिहिलं आणि बटण दाबलं. पेटी विचारात पडली.

"आणि तिथंच कळलं, आपले गणिताचे सर गेले गं ताई. त्याच इमारतीत राहायचे. झोपेतच गेले. त्यांची बायको नुसती खुर्चीवर बसून होती बघ, चप्पल हातात घेऊन—"

"आधी पोट वर पोचलं असेल," पेटी म्हणाली, "मग मागून फ्रिज."

ढब्बूचा घास हातातच राहिला. तिनं तोंडावर हात ठेवला. मग घाईघाईनं स्वयंपाकघरातल्या फ्रिजकडे बोट दाखवलं, मान हलवली, पुन्हा बोट दाखवलं.

"कळलं, कळलं ताई," तो म्हणाला. "फ्रिजवर होता ना तो? चांगला होता."

तिच्या उभ्या आयुष्यात तिच्या टोमण्याला कुणी 'चांगला होता' म्हटलं नव्हतं. तिनं पेटी उचलली आणि टेबलावर पालथी घातली.

त्यानंतर दर रविवारी ती नुसती हसून मान डोलवायची. ढब्बूनं हरतऱ्हेनं डिवचून पाहिलं. एकदा मुद्दाम जांभळा, मोठ्या फुलांचा शर्ट घालून आला. "कसाय शर्ट, ताई?" तिनं अंगठा वर केला. तसला शर्ट पाहून तिनं नुसता अंगठा वर केला. ढब्बू जेवून निघाला तेव्हा तो त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेला, तर ढब्बू पायरीवर बसून त्याच शर्टाला डोळे पुसत होता.

"भाऊजी, तुमचं काम हेच ना? लवकर करायचं?"

"हं," तो म्हणाला.

खरं तर हे त्याच्या मनात आधीच यायला हवं होतं. त्यानं पेटीवाल्या कंपनीला फोन केला. कंपनी लहानशीच होती. तिथं पेटीचा प्रोग्रॅम सांभाळणारी एक इंजिनीअर होती, तिनं फार आढेवेढे घेतले नाहीत. अडचण सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे वेळ कुणाला आहे सर. तुम्ही करा, आम्हाला पण द्या." तिनं सगळा प्रोग्रॅम पाठवून दिला.

त्यानं उघडून पाहिलं तर कंपायलर अगदी सावध बेतानं चालवलेला. पूर्वी कधी तरी काहीतरी बिघडलं असणार, कुणीतरी म्हणालं असणार, राहू दे हळू, चालतंय ना. मग तिकडे कुणी फिरकलंच नाही. हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. त्याला हुरूप आला. वरच्या खोलीत तो दिवसचे दिवस बसून राहिला. ती खालच्या मजल्यावर बंद दुकानाच्या खुर्चीत बसायची, आरशासमोर.

त्याच्या कामात एक हातखंडा उपाय असतो. आधी प्रोग्रॅम नेहमीसारखा चालवून बघायचा, आणि चालताना तो कुठल्या वाटेनं किती वेळा जातो ते मोजायचं. मग ती मोजणी कंपायलरला दाखवायची. वर्दळीच्या वाटा तो रुंद आणि सरळ करतो, हाताशी ठेवतो. जिथं क्वचितच कुणी जातं ती वाट आखडून लांब कोपऱ्यात टाकतो. मोजणीसाठी कंपनीनं चाचणीची वाक्यं दिलीच होती. त्यानं ती एकामागून एक पेटीतून काढली, मोजणी घेतली, कंपायलरला दिली. निकाल बघून त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

दुपारी तो पेटी घेऊन खाली आला. "बघ," म्हणाला, आणि स्वतःच लिहून बटण दाबलं.

"मला पाणी हवं आहे," पेटी म्हणाली. बटणावरून बोट उचलायच्या आत.

"मला दुखत आहे. कृपया पंखा बंद करा. धन्यवाद." सगळं फटाफट. त्याचा चेहरा असा फुलला होता की तिनं हात पुढं करून पेटी मागून घेतली. काहीतरी लांबलचक लिहिलं. बटण दाबलं.

पेटी गप्प. दोघं पेटीकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक मोटार गेली, तिचा आवाज विरला. पूर्वीपेक्षाही जास्त वेळ लागला.

"ही पेटी तू एका आजारी बाईसाठी छान केलीयस, इंजिनीअरबुवा. माझ्यासाठी कधी करतोस?"

तो तिथंच शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. आरशात दोघं दिसत होते. काय झालं ते त्याला लगेच कळलं, आणि कळलं म्हणूनच तोंडात मारल्यासारखं झालं. चाचणीची वाक्यं सगळी रोग्याची होती. पाणी, दुखणं, पंखा, धन्यवाद. त्यातला प्रत्येक शब्द पेटीला पाठ होता. ही बोलायची त्यातले निम्मे शब्द हिचे स्वतःचे. कुणाचं नाव मुरडलेलं, कुणाला नवंच नाव ठेवलेलं. असा शब्द आला की पेटीला अक्षर अक्षर लावत उच्चार जुळवावा लागायचा. त्या वाटेनं कुणी जात नाही, असं त्यानंच कंपायलरला मोजून दाखवलं होतं. कंपायलरनं इमानानं ती वाट कोपऱ्यात टाकली होती. इतकी वर्षं हिच्याबरोबर राहून, ही काय बोलते म्हणून त्याच्यासमोर ठेवलेली वाक्यं त्यानं एकदाही वाचून पाहिली नव्हती. नुसती चालवली होती.

"चुकलं," तो म्हणाला. "तुझं बोलणं मोजायला पाहिजे."

तिनं लिहिलं, "मोज."

ते सोपं नव्हतं. मोजणी चालू असताना पेटी आणखी हळू चालते, कारण प्रत्येक वळणावर तिला खूण करत जावं लागतं. म्हणजे तिला पूर्वीपेक्षा जास्त थांबत बोलायचं होतं, आणि तेही भरपूर. भरपूर बोलायचं तर समोर कुणीतरी बोलायला हवं. दुकान बंद होतं. होता फक्त तो.

पहिल्या दिवशी तो समोर बसला आणि म्हणाला, "बोल."

पेटी बऱ्याच वेळानं म्हणाली, "कशावर? तुझ्या 'हं'वर?"

मग तो ऑफिसातून काही ना काही आणायला लागला. आधी त्याच्या लक्षातच राहायचं नाही काही, मग तो दिवसभर कान उघडे ठेवून हिंडू लागला. लिफ्टमध्ये कोण कुणावर खेकसलं. कुणाच्या टेबलाखाली कुणाची चप्पल सापडली. साहेब नवीन केस कापून आले.

"कसे कापलेत?" पेटीनं विचारलं.

"बारीक. मागे जरा... जिन्यासारखे."

"पुढं काही नाही?"

"पुढं लांब. डोळ्यावर येतात."

पेटी थांबली. तो वाट बघत राहिला. त्याला वाट बघायला आवडायला लागलं होतं, कारण पुढं काय येणार ते तिच्या चेहऱ्यावर आधीच उमटलेलं असायचं.

"कुणीतरी सूड घेतलाय. साहेबांना म्हणावं, पुढच्या वेळी न्हाव्याशी आधी सलोखा करा, मग टॉवेल बांधून घ्या."

तो इतका हसला की खुर्ची फिरली. त्या महिन्यांत दोघं जितकं बोलले तितकं त्याआधी कधी बोलले नव्हते. तिचा आजार तोवर पायांत उतरला होता. तो तिला उचलून खाली आणायचा, आरशासमोर बसवायचा आणि सांगायला लागायचा. एकदा त्याला आठवलं, कामाचं काय, मोजणी पुरेशी झाली की नाही ते बघायला हवं. बघितलं तर ती केव्हाच पुरेशी होऊन गेली होती. त्यानं तिला सांगितलं नाही. आणखी थोडे दिवस जाऊ दिले.

त्या थोड्या दिवसांचं त्याला पुढं फार वाटलं.

शेवटी त्यानं तिच्या मोजणीवर पेटी नव्यानं बांधली. रविवार आला. ढब्बूला काही सांगितलेलं नव्हतं. तो आला, बसला, ताट पुढं ओढलं, आणि तिच्याकडे न बघता त्यालाच म्हणाला, "भाऊजी, या महिन्यात वजन कमी केलंय."

"कुणाचं रे, ढब्बोबा?" पेटी म्हणाली.

असं आलं ते, की ढब्बूनं पेटीकडे बघितलंच नाही. सवयीनं थेट बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याला ठसका लागला, पाणी नाकात गेलं, आणि तो टेबलावर हात आपटत हसायला लागला. ती आवाज न करता हसत होती, खांदे हलत होते. "माझंच गं बाई, माझंच," तो म्हणत होता, आणि पेटी म्हणाली, "मग ते गेलं कुठं? तुझ्यामागे तर नाही ना लपलं?"

नवरा पाण्याचं भांडं भरायला उठला. भांडं भरलेलंच होतं. तरी तो नळाशी बराच वेळ उभा राहिला.

असे रविवार थोडेच मिळाले. पेटी झटपट झाली आणि बोटं मंदावली. बटण दाबलं की पेटी क्षणात बोलायची, पण बटणापर्यंत यायलाच तिला वेळ लागायला लागला. एका अक्षरावरून दुसऱ्यावर बोट नेताना ते मध्येच टेकायचं. त्यानं वरच्या खोलीत जाऊन पुन्हा सगळं उकरून पाहिलं. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. जो वेळ जात होता तो पेटीत जातच नव्हता.

आता ढब्बू थांबायला लागला. तिचं बोट अक्षरांकडे वळलं की तो मध्येच बोलणं तोडायचा, घास हातात धरून बसायचा. अन्न गार व्हायचं. दोघंही तिच्या बोटाकडे न बघता इकडंतिकडं बघायचे, म्हणजे तिला घाई वाटू नये. मग टोमणा यायचा आणि तो नेमका जिथं सोडला होता तिथंच पडायचा, कारण बोलणं तिथून हललेलंच नसायचं.

तिनं त्याला शेवटचं लिहून दिलं ते दोनच अक्षरांचं होतं. "बोल." तो बोलला. साहेबांनी केस पुन्हा तसेच कापून घेतल्याचं सांगितलं, लिफ्ट बिघडल्याचं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. नंतर ऐकत नव्हती, हे त्याला जरा उशिरा समजलं. बोलता बोलता तो थांबला, तिच्या उत्तराची वाट बघितली, आणि मग तिचा हात हातात घेतला.

पुढं काही आठवड्यांनी कंपनीतल्या इंजिनीअरचा फोन आला. ती बाई भली होती. आधी तिनं त्याच्या बायकोबद्दल विचारलं, ऐकून हळहळली, मग कामाचं बोलली. पेटी परत करायची होती, त्यातला आवाज पुसला जाणार होता. आणि त्यानं केलेली सुधारणा सगळ्या पेट्यांना हवी होती.

"फक्त मोजणी आमच्या चाचणीच्या वाक्यांवर घ्याल का, सर? तुमच्या मिसेसचं बोलणं बाकीच्यांसारखं नव्हतं. लोक जास्तकरून पाणीच मागतात."

"दुसरं काही बोलले तर उशीर होतो, म्हणून पाणीच मागत असतील," तो म्हणाला.

तिनं काही म्हणायच्या आत तो पुढं बोलला.

"पाण्याची वाक्यं पण घालतो मी. ती हवीतच. पण हिची मोजणी काढणार नाही. पाणी एवढंसं उशिरा मिळालं तरी माणूस तहानेला राहत नाही हो. टोमण्याचं तसं नसतं."

"मी हे वर कसं सांगू?"

"सांगा, फुकटचं काही नाही त्यात. मी तपासलंय."

नवा प्रोग्रॅम बांधायच्या आधी त्यानं बायकोची मोजणी एकदा उघडून पाहिली. तिच्यात एकही शब्द नव्हता. असतच नाही. नुसते आकडे, कुठल्या वाटेनं किती वेळा जाणं झालं त्याचे. साहेबांचे केस त्यात नव्हते, ढब्बोबा नव्हता. त्यातून उलटं जाऊन तिचं एक वाक्यही पुन्हा जुळवता आलं नसतं. हे त्याला आधीच माहीत होतं. तरी तो आकडे बघत बसला. अक्षर अक्षर लावत जाणाऱ्या त्या कोपऱ्यातल्या वाटेवरचा आकडा सगळ्यांत मोठा होता. त्यानं दोन्ही मोजण्या एकत्र केल्या, कंपायलरला दिल्या, आणि पेटी खोक्यात घालून परत पाठवली.

ढब्बू रविवारी यायचा राहिला नाही. आता स्वयंपाक दोघं मिळून करायचे, तो बेताचाच व्हायचा. जेवताना अजूनही तसंच व्हायचं. ढब्बू काहीतरी बोलायचा आणि थांबायचा, हाही थांबायचा. तिसऱ्या खुर्चीकडे कुणी बघायचं नाही. मग ढब्बू पुढचा घास घ्यायचा.

एकदा ढब्बू म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, रोज जिना चढा."

आणि थांबला. मग जेवण संपवलं, ताट उचललं, नळाशी गेला आणि ताट घासायला लागला.

तो टेबलाशीच बसून होता. त्याच्या मनात काहीतरी येत होतं, हळूहळू, अक्षर अक्षर लावत. आलं तोवर ढब्बूचं ताट धुऊन झालं होतं.

"आधी जिन्याला विचार," तो म्हणाला.

ढब्बूनं नळ बंद केला. "काय म्हणालात, भाऊजी?"

"जिन्याला विचार म्हटलं. आधी. चढू का म्हणून."

ढब्बू ओलं ताट धरून उभा राहिला. हसला नाही. "उशीर झाला, भाऊजी," तो म्हणाला.

"हं."

ढब्बूनं ताट ठेवलं, हात पुसले, परत आला आणि आपल्या खुर्चीत बसला. खुर्ची पुढं ओढली. समोर ताट नव्हतं, तरी असल्यासारखे हात ठेवले.

"डॉक्टर म्हणतात," तो म्हणाला, "रोज जिना चढा."

आणि त्याच्याकडे बघत थांबला.